तीन दारं आणि एक 'अहो'

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टवर त्यांचा संशय होता. राहायचे दुसऱ्या मजल्यावर, पण बटण दाबायचे तिसऱ्याचं आणि मग एक जिना उतरून घरी जायचे. का, तर म्हणे ही लिफ्ट दुसरा मजला मुद्दाम चुकवते. "आपण कुठे राहतो ते तिला कळता कामा नये," असं त्यांनी मला एकदा सांगितलं, आणि चेहरा असा गंभीर की मला हसायचीही चोरी.

वॉचमनवर संशय, कारण रोज एका हाताने सलाम करणारा माणूस आज दोन्ही हातांनी नमस्कार का करतो? वडापाव घेतला तर आधी पाव उघडून आत वडा आहे ना ते बघणार, मग चटणीचा वास घेणार, मग दुकानदाराकडे बघणार. दुकानदार हसला तर वडापाव परत. आणि कोणी काहीही सांगितलं, अगदी "आज शुक्रवार आहे" असं जरी सांगितलं, तरी त्यांचा ठरलेला प्रश्न: "नक्की का?"

त्यावरून आम्ही त्यांना नक्कीकाका म्हणायचो. पाठीमागे. तोंडावर नुसतं काका. अर्थात पाठीमागे आपल्याला काहीतरी म्हणतात हा त्यांचा संशय होताच, आणि तो खरा होता, हे कबूल करायला हवं.

सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली त्यांची. लोक म्हणायचे, दुसऱ्यांची बोलणी कानावर पडून पडून माणूस असा झाला. काकू म्हणायच्या, "छे गं, मला बघायला आले तेव्हाही असेच होते. पोहे मीच केलेत ना, असं तीनदा विचारलं यांनी."

तर असा हा माणूस आमच्या मुलुंड पूर्वेच्या हौशी नाटक मंडळाचा सर्वेसर्वा. दरवर्षी पाडव्याला आम्ही एक नाटक करायचो, गावातल्या मोठ्या नाट्यगृहात, रीतसर तिकीट लावून. काका लिहिणार, काका बसवणार, काका त्यात कामही करणार. आणि नाटक कुठलं? तर फार्सच. दुसरं काही नाही. मी एकदा म्हटलं, काका, एखादं गंभीर करू या की. तर म्हणाले, "शोकांतिकेत माणसं विश्वास ठेवतात आणि मरतात. फार्समध्ये संशय घेतात आणि तरतात. तुला मरायचंय का?"

ज्या नाटकाबद्दल मी सांगतेय ते तर त्यांचं सगळ्यात लाडकं. मे महिन्याच्या सुट्टीत महाबळेश्वरच्या एका हॉटेलात तीन जोडपी उतरतात. तिघी बायका जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव घेणार नाहीत, मेल्या तरी. मॅनेजरला सांगणार काय, तर "आमचे हे". आमच्या ह्यांना गरम पाणी द्या. आमच्या ह्यांची चावी द्या. आता तीन खोल्यांत तीन हे, तर बिचाऱ्या मॅनेजरने कुठला हे कोणाचा हे कसं ओळखावं? एक बाई येऊन म्हणते, "आमचे हे वर गेले." मॅनेजर टोपी काढून म्हणतो, "अरेरे! कधी?" ती म्हणते, "आत्ताच, चहा पिऊन." तालमीत आम्हीच इथे आडवे व्हायचो.

पण नाटकाची खरी गाठ होती दुसऱ्या अंकात. हॉटेलच्या मधल्या जागेत तीन बंद दारं. नवी नवरी एकटी येते, तिला पाल दिसते, ती घाबरून हाक मारते, "अहो!" आणि तिन्ही दारं एकदम, अगदी एकदम उघडतात, तिघे नवरे बाहेर डोकावतात आणि एका सुरात म्हणतात, "काय गं?" इथून जो काही सावळागोंधळ सुरू होतो तो पडदा पडेपर्यंत. तीनातलं एक दार जरी उशिरा उघडलं तरी मेलं सगळं. नाटकाला पुढे जायला वाटच नाही.

नवी नवरी मी. सगळ्यात तरुण नवरा आमच्या सी विंगमधला सचिन. मधल्या वयाचे नवरे कांबळेसाहेब, विक्रोळीच्या कंपनीतून रिटायर झालेले, मंडळाचे सेक्रेटरी, पैशाअडक्यापासून नाट्यगृहाच्या बुकिंगपर्यंत सगळं बघणारे. आणि मधल्या दारामागचा म्हातारा नवरा खुद्द काका.

मला मुळात 'अहो' म्हणताच येईना. माझ्या नवऱ्याला मी नावाने हाक मारते, चिडले तर "ए बैला" म्हणते. अहोची सवय कुठली असायला? काका म्हणाले, "म्हणूनच तुमच्या पिढीत फार्स होत नाहीत. नाव घेतलं की एकच माणूस येतो. त्यात काय मजा?"

मग त्यांनी मला ती हाक शिकवायला घेतली. ही हाक त्यांनी कल्पनेतून काढलेली नव्हती. लग्न नवं असताना ते आणि काकू खरोखरच महाबळेश्वरला गेले होते, हॉटेलच्या पडवीत काकूंना खरोखरच पाल दिसली होती, आणि त्यांनी "अहो!" म्हणताच खरोखरच तीन खोल्यांतून तीन पुरुष बाहेर आले होते. त्यातले दोन परके. "त्या दोघांकडे मी पुढे दिवसभर नजर ठेवून होतो," काका सांगायचे. "माझ्या बायकोच्या हाकेला ओ देतात म्हणजे काय?"

हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा बदलायचा. "काय हाक होती ती! बारीक. देवघरातल्या घंटीसारखी. आता गेला गं तिचा तो आवाज. वय झालं, जाड झाला, घोगरा झाला. म्हणून तर मला तो नाटकात हवाय. तू काढ तो आवाज. अजून बारीक. अजून!"

मी बारीक काढायची. ते म्हणायचे, "ऐकू येत नाही." मी अजून बारीक, अजून वर. "तू गिळतेस! 'अ' म्हणतेस आणि 'हो' खातेस!" मी जीव खाऊन किंचाळल्यासारखी "अहोऽ" केली की सचिन कानात बोटं घालायचा, आणि काका थंडपणे म्हणायचे, "नुसते ओठ हलवतेस तू. तुला माझं नाटक पाडायचंय. नक्की कोणी सांगितलंय तुला हे?"

आता सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय! दिवसभर ऑफिसात मरायचं, संध्याकाळी पोळ्या लाटून, पोराला अभ्यासाला बसवून सोसायटीच्या हॉलमध्ये तालमीला धावायचं, आणि तिथे हे ऐकून घ्यायचं.

बरं, ऐकायला कमी येतं म्हणावं, तर तसंही नाही. एकदा सचिन भिंतीकडे तोंड करून स्वतःशीच "थेरडा" असं पुटपुटला. हॉलच्या दुसऱ्या टोकाहून काका गरजले, "थेरडा कोणाला म्हणतोस रे?" कांबळेसाहेब कोपऱ्यात फोनवर हळू बोलत असले तरी त्यांना शब्द न् शब्द कळायचा. फक्त आम्हा बायकांचंच त्यांना कळायचं नाही. आम्ही तिघी बोलायला लागलो की डोळे बारीक करून विचारायचे, "काय कुजबुज चाललीय? माझ्याबद्दलच ना?" आम्ही कुजबुजत नसायचो हो, चांगलं मोठ्याने साडीच्या रंगाबद्दल बोलत असायचो. पण सांगणार कोणाला? त्यांना वगळून आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता हे खरं, आणि तो त्यांनी कसा कोण जाणे हुडकून काढल्यावर तर आमची बाजूच उरली नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती मला जास्त खटकायची. तालमीत दारांच्या जागी आम्ही खुर्च्या मांडायचो. खुर्चीमागे उभे राहून काका माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. बाकी सगळे आपापल्या वाक्यांत, आणि ह्यांची नजर माझ्या ओठांवर. मला कसंसंच व्हायचं. आमच्या ग्रुपमधल्या एकीने तर सरळ म्हटलं, "म्हातारा बघतो कुठे ते बघ." मी मनात म्हटलं, हे भलतंच. संशय हा गोवरासारखा असतो, एकाला झाला की सगळ्या बिल्डिंगला. मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले, ते माझ्यावर ठेवून होतेच. तिसरी शंका सचिनने घातली: "तुला बेजार करून घालवायचंय त्यांना. मग तो रोल कांबळेसाहेबांच्या मेहुणीला. बघ तू." मला ते पटलं. माणसाला काहीही पटतं एकदा डोकं त्या दिशेने चालायला लागलं की.

मधे एकदा माझा घसा बसला. बसला म्हणजे पार वाट लागली, रेड्यासारखा आवाज. तरी तालमीला गेले, न जावं तर ती मेहुणी. खुर्च्या मांडल्या, मी आले, काल्पनिक पालीकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, "अहो!"

काका ताडकन खुर्चीमागून पुढे आले. "काय गं?" आणि मग थांबून, चकित होऊन म्हणाले, "आज! आज पहिल्यांदा तू मनापासून बोललीस. एकेक अक्षर कळलं."

सचिन माझ्याकडे बघायला लागला, मी सचिनकडे. मला वाटलं टिंगल करतायत. दुसऱ्या दिवशी हळदीचं दूध पिऊन, मधाची बोटं चाटून मी घसा सोडवला, गोड बारीक हाक मारली, आणि काका म्हणाले, "झालं. आली परत मूळपदावर."

मग रंगीत तालीम. नाट्यगृहात खरं नेपथ्य लागलं होतं, प्लायवूडची खरी दारं, बिजागऱ्या, कड्या, पितळी आकडे, सगळं झकास. तिघे नवरे दारांमागे गेले. दारं बंद झाली. मी आले. पाल बघितली. "अहो!"

दोन दारं उघडली.

सचिन आणि कांबळेसाहेब "काय गं?" म्हणाले, आणि त्यांचं म्हणून झाल्यावर, दोन श्वास गेल्यावर मधलं दार उघडलं आणि काका डोकावले. "काय गं?" अगदी एकटे. समोर बसलेल्या मंडळींपैकी कोणी हसलं नाही. हसणार कशाला?

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

काका बाहेर आले, लालबुंद. "हिने हाक मारलीच नाही!"

"मारली काका," सचिन म्हणाला.

"नक्की का?"

"अहो, पार मागच्या रांगेपर्यंत गेली."

"तुम्ही सगळे मिळालेले आहात."

माझा तोल गेला. मी तिथेच, स्टेजवर, सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, तुम्हाला मी नको असेन तर तोंडावर सांगा ना! हे असलं नाटक कशाला करता?" ते माझ्याकडे बघत राहिले. मी एवढं बोलले तर चिडायला हवे होते. ते विचारात पडल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "काय म्हणालीस? परत म्हण." मला वाटलं धमकी देतायत. मी पर्स उचलली आणि निघाले.

बाहेर कांबळेसाहेबांनी मला गाठलं. शांत माणूस, कधी कोणाबद्दल वाकडं बोलणार नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही येणार. काम तुमचंच. पण काकांचं आता मला बघावं लागेल. पाडव्याला जर असं झालं तर पुढच्या वर्षीपासून त्यांना स्टेजवर नको. आमच्या कमिटीत बोलणं झालंय. मला वाईट वाटतं ओ, त्यांनीच मला नाटकात आणलं. पण लोक तिकीट काढून येतात." मला आनंद व्हायला हवा होता. थोडासा झालाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी स्टेशनसमोरच्या बाजारात गेले होते, साखरेच्या गाठी आणि झेंडूची फुलं घ्यायला. तिथे काकू भेटल्या. काका शेजारच्या नारळवाल्याकडे होते, आमच्याकडे पाठ, एकेक नारळ कानाशी धरून हलवत आणि नारळवाल्याचा जीव खात. मी फुरंगटलेली होतेच, पण काकूंवर कोण रागावणार? त्या माझ्याशी पुरणाबद्दल बोलायला लागल्या. गुळाचं करतेस की साखरेचं, जायफळ घालतेस ना. आणि मी बघतच राहिले. पुरणाकडे माझं लक्षच नव्हतं. काकूंचा आवाज! बारीक, स्वच्छ, वर चढणारा. त्यांच्याशी असं निवांत, काका जवळ नसताना, मी कधी बोललेच नव्हते बहुतेक. मी म्हटलं, अगं बाई, हा तर तोच आवाज. हा गेलाय कुठे?

तेवढ्यात काकू वळल्या, हनुवटी गळ्याशी नेली, आणि एखाद्या रिक्षावाल्यासारख्या जाड आवाजात म्हणाल्या, "अहो, झाला का घेऊन नारळ?"

काका लगेच वळले. "पाणी कमी वाटतंय गं ह्यात."

काकू परत माझ्याकडे वळल्या आणि घंटी वाजली: "हं, तर जायफळ..."

मी त्यांचा हातच धरला. "काकू, हे काय आहे?"

"कुठे काय?"

"तुमचा आवाज."

त्यांनी काकांच्या पाठीकडे बघितलं. मला झेंडूच्या ढिगामागे ओढलं. "कोणाला बोलू नकोस हं. त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाही. पुरुषांचं सगळं कळतं, बायकांचं नाही. फोनची रिंग कळत नाही, कुकरची शिट्टी कळत नाही. मी आधी समजायची रागावलेत माझ्यावर. हाक मारायची, बघायचेच नाहीत. मग एकदा सर्दीने माझा घसा बसला, तर पहिल्या हाकेला आले. तेव्हापासून आपलं हे असं."

"म्हणजे घरी तुम्ही सारखं..."

"सवय झाली गं आता. लेकीशी फोनवर बोलते तेव्हाच काय तो माझ्या आवाजात. त्यावरही संशय, की काय कुजबुजता दोघी!" त्या हसल्या. हसणंही तसंच बारीक.

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. ओठांकडे बघणं. "परत म्हण" म्हणणं. रेड्याच्या आवाजाला शाबासकी. आणि उशिरा उघडणारं मधलं दार. ते माझ्या हाकेला नाही, सचिनच्या "काय गं"ला उघडत होतं.

"त्यांना सांगत का नाही? मशीन मिळतं कानाचं."

"सांगून बघितलं. 'नक्की का? की मला म्हातारा ठरवून घरात बसवायचंय?' असं म्हणाले. मागे कधीतरी नाटकात मशीन लावलेला नट बघितला होता त्यांनी. म्हणाले, पब्लिक त्याला बिचारा म्हणत होतं. फार्समध्ये बिचारा चालत नाही म्हणे. कळलं तर ते नाटक सोडतील गं. आणि नाटक सुटलं तर हा माणूस चार भिंतींत बसून कोणाकोणावर संशय घेईल? माझ्याशिवाय आहे कोण घरात?"

"विंगेतून कोणीतरी पाठीवर थाप मारील ना त्या वेळी."

"मग विचारतील, थाप का मारली. झालंच मग."

काका दोन नारळ घेऊन आले. मला बघून डोळे बारीक केले. "काय चाललंय झेंडूमागे?"

मी हनुवटी गळ्याशी नेली आणि जाड आवाजात म्हटलं, "पुरणाचं विचारत होते काका."

"नक्की का?" ते म्हणाले. पण माझं त्यांना कळलं होतं. एकेक अक्षर.

पाडव्याला नाट्यगृह भरलेलं. माझ्या ऑफिसातल्या सगळ्या आलेल्या, सासूबाई तिसऱ्या रांगेत, त्यांच्या भिशीच्या मैत्रिणी घेऊन. माझी पंचाईत वेगळीच. कारण माझं कामच मुळी लाडिक नव्या नवरीचं. अंबाडा, मोगरा, अबोली रंगाची साडी, आणि अख्खा पहिला अंक मी त्या गोड बारीक आवाजात बोलून लोकांना खूश केलेलं. आता त्याच नवरीने मधेच रेड्यासारखं ओरडायचं? सासूबाई वर्षभर पुरवून पुरवून सांगणार. बरं, मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, सचिनलाही नाही. सांगितलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. दुसऱ्या अंकाआधी विंगेत कांबळेसाहेब नुसते मधल्या दाराकडे बघत होते, आज ते वेळेवर उघडतं का. काकू पहिल्या रांगेत, मांडीवर थर्मासची पिशवी घट्ट धरून.

दुसरा अंक. तिन्ही दारं बंद झाली. मी आले. पाल बघितली. एक क्षण वाटलं, गोडच मारावी हाक, आपलं काम चोख करावं, पुढचं त्यांचं ते बघतील. मग ती पिशवी दिसली.

मी हनुवटी गळ्याशी नेली आणि ओरडले, "अहो!"

आई गं, काय आवाज निघाला तो! आणि धाडकन तिन्ही दारं. एकदम. एका झटक्यात. "काय गं?"

पब्लिक फुटलं. सासूबाईंच्या भिशीतली एक बाई खुर्चीवरून घसरताना मी डोळ्यांनी बघितली. नाजूक नवरीच्या तोंडून तो आवाज आला आणि तीन नवरे आज्ञेत हजर झाले, ह्याचंच लोकांना काय हसू! हशा थांबेचना. आम्ही चौघे तसेच उभे. आणि त्या हशात मला दिसलं की काका माझ्याकडे बघतायत. ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. हशा ओसरला तसे ते दोन पावलं पुढे आले आणि नाटकात नसलेलं वाक्य बोलले, अगदी हळू: "ही हाक कोणी मारली?"

लोक पुन्हा कोसळले. त्यांना वाटलं हा नाटकातलाच संशय. सचिनने वेळ सावरली, पुढचं वाक्य घेतलं, आणि गाडं सुटलं ते पडद्यापर्यंत. कांबळेसाहेब विंगेत माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, काय सुचलं ओ तुम्हाला! पुढच्या वर्षी काकांसाठी ह्याहून मोठा रोल बघू." म्हणजे तो प्रश्न मिटला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. टाकायला नको होता इतक्यात.

मेकअप पुसताना काका समोर येऊन उभे राहिले.

"तो आवाज तुझा नव्हता," म्हणाले. "तो आमच्या हिचा आहे. घरातला. हनुवटी खाली करून काढतात तो. काल बाजारात तू तोच काढलास. तुला तिने शिकवला."

मी हातातला कापूस खाली ठेवला.

"म्हणजे तो काढायचा असतो," ते म्हणाले. एक्स्चेंजमधल्या माणसाने वायर जोडत जोडत शोधावी, तसे जोडत चालले होते. "वयाने झालेला नाही. ती काढते. माझ्यासाठी काढते." मग खुर्चीत बसले. "मी तिला म्हातारी म्हणत होतो गं. तुझा आवाज गेला, तुझा आवाज गेला म्हणून. तिच्या तोंडावर म्हणत होतो. आणि ती त्याच आवाजात हो म्हणायची."

आयुष्यभर लिफ्टवर संशय घेणाऱ्या ह्या माणसाला सगळ्यात मोठं नाटक त्याच्या स्वयंपाकघरात चाललंय हा संशय कधी आला नव्हता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

काकू आत आल्या, पिशवी घेऊन. हनुवटी खाली केली, जाड आवाजात म्हणाल्या, "अहो, छान झालं हं काम. चला आता, चहा आणलाय, घ्या आणि निघू."

"तसं नको," काका म्हणाले. "तुझ्या आवाजात बोल."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, कळलंय त्यांना.  मग काकूंनी हनुवटी वर केली. आणि त्या खोलीत, पावडरच्या वासात आणि सामान बांधण्याच्या गडबडीत, ती महाबळेश्वरची हाक मी ऐकली. बारीक, घंटीसारखी, जशीच्या तशी. काहीही गेलेलं नव्हतं तिच्यातलं.

"दमले हो मी," काकू म्हणाल्या.

काका त्यांच्या ओठांकडे बघत होते. कपाळाला आठ्या, सगळा जीव डोळ्यांत. मग हताश होऊन माझ्याकडे वळले. "काय म्हणाली?"

काम छान झालं म्हणाल्या, असं सांगता आलं असतं. काकूंनीही डोळ्यांनी तेच खुणावलं. पण मला आता पुरे झालं होतं हे सांभाळून घेणं, त्यांचं आणि आमचंही. मी हनुवटी गळ्याशी नेली आणि जाड आवाजात, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "दमले म्हणाल्या."

मी वाट बघितली. आता येईल. नक्की का?

ते उठले, काकूंच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि दार त्यांच्यासाठी उघडं धरून उभे राहिले.